मुलाखतीत शेती लपवू नका

लोणावळा-पुणे लोकलने मावळातील मुलेमुली पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत मुलाखतीला जातात. "घरी काय करता?" असे विचारले की मान खाली घालून सांगतात, "काही नाही, शेती." घोडे इथेच अडते.

त्याऐवजी ताठ बसून सांगावे, "आमची इंद्रायणी भाताची खाचरे आहेत. रोप टाकण्यापासून मजुरांच्या हिशेबापर्यंत मी पाहतो." वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ साली दिलेला हा वाण शहरातले लोक नाव घेऊन मागतात. लावणीची वेळ न चुकवणारा शिफ्टही चुकवणार नाही, हे साहेबाला पटते.

प्रमाणपत्रे आदल्या रात्रीच क्रमाने लावावीत. एक लोकल आधीची धरावी. न येणाऱ्या प्रश्नाला "माहीत नाही, शिकेन" म्हणावे.

आईवडिलांनो, तुम्हीही मुलांसमोर शेतीला 'काही नाही' म्हणू नका.