चौल : कुंडलिकेच्या मुखावरचें बंदर

श्रोतेहो, यवतमाळच्या माणसानें समुद्राविषयीं बोलावें याचें आपणांस हसूं येईल; आमच्याकडे पाणी म्हणजे वर्धा नि पैनगंगा. परंतु इ. स. १५७४ मध्यें निजामशहानें वऱ्हाड जिंकलें आणि पुढें सुमारें बावीस वर्षें आमचा मुलूख अहमदनगरच्या राज्यांत होता. त्या राज्याचें मोठें बंदर चौल. एवढ्या नात्यावर मी आज बोलत आहें.

अलिबागच्या दक्षिणेस कुंडलिका नदी समुद्रास मिळते. मुखाच्या उत्तरेस रेवदंडा व त्याला लागून चौल; दक्षिणेस कोर्लईचा डोंगर थेट समुद्रांत घुसलेला. नैर्ऋत्येच्या लाटांस हा डोंगर आडवा येतो आणि आंतल्या खाडींत लहान गलबतांस निवारा मिळतो. बंदर लहानच, पण जागा नामी.

ग्रीक व्यापाऱ्यांस ती ठाऊक होती. पहिल्या शतकांतील एका ग्रीक प्रवासवर्णनांत कल्याणनंतर ‘सेमुल्ला’ येतें. दुसऱ्या शतकांत टॉलेमी लिहितो कीं, तेथील लोक या गांवास ‘तिमूल’ म्हणतात. कान्हेरीच्या लेण्यांतील लेखांत ‘चेमुल’ आहे. हीं दोन नांवें शेजारीं ठेवून पाहावीं. परक्या कानानें इमान बरेंच राखलें, असें मला वाटतें! सन ९१६ च्या सुमारास आलेला अरब लेखक मसूदी यास ‘सैमूर’ म्हणतो व तेथें सुमारें दहा हजार मुसलमान राहात असल्याचें नमूद करतो. पंधराव्या शतकांत निकितिन नांवाचा रशियन व्यापारी विकावयाचा घोडा घेऊन येथेंच उतरला आणि घाट चढून जुन्नरास गेला.

मार्च १५०८ मधील लढाई मात्र सविस्तर सांगण्याजोगी आहे. पोर्तुगीज व्हाइसरॉयचा तरुण मुलगा लोरेंसो खाडींत असतां इजिप्तचें आरमार व दीवचा मलिक अयाज यांनीं त्यास गांठलें. बाहेर निघतांना त्याचें जहाज मासेमारीसाठीं रोवलेल्या खुंटांत अडकलें. गोळ्यानें पाय गेला, तेव्हां तो डोलकाठीशीं बसून हुकूम देत राहिला. दुसऱ्या गोळ्यानें तो मेला. तोफांचीं वर्णनें पुष्कळ होतात. परंतु त्या दिवशीं तोफांइतकेंच काम कोळ्यांच्या खुंटांनीं केलें.

पुढें १५२१ त निजामशहाच्या संमतीनें पोर्तुगिजांनीं रेवदंड्यास किल्ला बांधला. १५७०-७१ मध्यें निजामशहानेंच त्यास वेढा घातला, पण किल्ला पडला नाहीं. १७४० त तो मराठ्यांकडे आला.

मुंबई वाढली म्हणून चौल बुडालें, असें आम्ही वर्गांत सांगत असूं. तें अर्धेंच खरें. बंदर जगतें तें घाटावरच्या मालावर व घाटावरच्या गिऱ्हाइकावर. १६३६ त निजामशाही संपली, मोंगलांचा व्यापार सुरतेकडे वळला, आणि चौलच्या पाठीमागचें राज्यच नाहींसें झालें. मुंबईचा उत्कर्ष त्यानंतरचा.

आज तटाच्या आंत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत. पलीकडे कोर्लई गांवांतील ख्रिस्ती कुटुंबें मात्र घरांत अद्यापि पोर्तुगीजपासून निपजलेली एक बोली बोलतात, आणि बाजारांत मराठी.