केस हिरवे, श्वास शेपटीखालून: मेरी नदीच्या कासवाची गोष्ट

हिरवे केस उभे असलेल्या 'पंक' कासवाचा फोटो तुमच्याही फीडमध्ये कधीतरी आला असेल. २०१८ मध्ये लंडनच्या झूलॉजिकल सोसायटीने संकटातल्या सरपटणाऱ्या प्राण्यांची यादी काढली, तेव्हा तो जगभर फिरला. फोटो खरा आहे, केस मात्र नाहीत. ते डोक्यावर वाढलेलं शेवाळ आहे.

हे 'मेरी रिव्हर टर्टल'. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या मेरी नदीच्या खोऱ्याबाहेर ते निसर्गात कुठेच आढळत नाही. मान सरळ आत ओढण्याऐवजी कवचाखाली आडवी दुमडणाऱ्या कासवांपैकी हे एक. (भारतात आज असं एकही कासव नाही. मुंबईच्या खडकांत मात्र या गटाचे जीवाश्म सापडलेत!)

आता मीम्सचा विषय. होय, ते मागूनही श्वास घेतं. शेपटीखालच्या छिद्राच्या आत कल्ल्यांसारखं काम करणाऱ्या पिशव्या असतात. त्या पाण्यातला ऑक्सिजन शोषतात, म्हणून ते तीन दिवसांपर्यंत पाण्याखाली राहू शकतं. पण त्यासाठी पाणी वाहतं, ऑक्सिजनने भरलेलं हवं. म्हणूनच या नदीवर धरणाचा प्रस्ताव आला तेव्हा मोठा विरोध झाला. २००९ मध्ये पर्यावरणमंत्री पीटर गॅरेट यांनी तो फेटाळला. हे गॅरेट आधी रॉक बँडचे गायक होते, हा निव्वळ योगायोग.

धरण टळलं, तरी जुनं नुकसान भरून निघालेलं नाही. १९६० आणि ७० च्या दशकांत याची पिल्लं 'पेनी टर्टल' म्हणून पेट शॉपमध्ये सर्रास विकली जायची. ती येतात कुठून, हे शास्त्रज्ञांनाही माहीत नव्हतं. कासवांचे अभ्यासक जॉन कॅन वर्षानुवर्षं शोध घेत राहिले आणि १९९४ मध्ये या प्रजातीला शास्त्रीय नाव मिळालं. तोवर नदीकाठची अंडी वर्षानुवर्षं उचलली गेली होती.

मादी अंडी घालण्याच्या वयात यायला साधारण २५ वर्षं लागतात. म्हणजे तेव्हा विकलेल्या पिल्लांची उणीव पुढे कित्येक वर्षांनी, आई होऊ शकणाऱ्या माद्यांच्या संख्येत दिसते. नदीत मोठी कासवं दिसली म्हणजे सगळं ठीक आहे, असं इथे म्हणता येत नाही.

आजही कोल्हे आणि कुत्री घरटी उकरून अंडी खातात. टियारो गावातले लोक घरट्यांना संरक्षण देतात. त्यासाठी पैसे उभे करायला त्यांनी कासवाच्या आकाराची चॉकलेटंही विकली आहेत.