फ्लॅश साठवणसाधनांची क्षमता आणि किंमत : एक विवेचन

प्रस्तावना :
प्रश्नपत्रिका, संशोधनाची माहिती, 'नॅक'साठीची कागदपत्रे यांची ने-आण व जतन करण्यासाठी महाविद्यालयांत पेन ड्राइव्हचा वापर सर्रास होतो. एकाच कंपनीचे, बाहेरून एकसारखे दिसणारे ६४ जीबी आणि २५६ जीबी क्षमतेचे ड्राइव्ह घेतले, तर त्यांच्या किमतीत मोठी तफावत आढळते. ही तफावत केवळ व्यापारी नफ्याची आहे की तिच्यामागे तांत्रिक कारण आहे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

साठवणीचे तत्त्व :
फ्लॅश स्मृतीचा शोध जपानमधील तोशिबा कंपनीतील अभियंते फुजिओ मासुओका यांनी लावला. १९८४ मध्ये त्यांनी ही कल्पना जगापुढे मांडली. १९८७ मध्ये तिचा 'नँड' हा प्रकार पुढे आला व तोच आजच्या पेन ड्राइव्हमध्ये वापरला जातो. यात सिलिकॉनवरील सूक्ष्म सेलमध्ये विद्युतभार अडकवून माहिती साठवली जाते आणि वीजपुरवठा बंद झाला तरी हा भार टिकून राहतो. ६४ जीबी म्हणजे सुमारे ५१२ अब्ज बिट. प्रत्येक सेलमध्ये ३ बिट साठवले, तरी सुमारे १७१ अब्ज सेल लागतात. क्षमता चौपट करावयाची तर सेलही चौपट हवेत.

किमतीचे घटक :
चिपची निर्मिती ३०० मिलिमीटर व्यासाच्या सिलिकॉन चकतीवर होते. एका चकतीवरील प्रक्रियेचा खर्च तिच्यातून किती चिप निघतात यावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे चिप जितकी जागा व्यापते, तितका खर्चाचा वाटा तिच्यावर पडतो. सदोष चिपचा भुर्दंडही चांगल्या चिपनाच सोसावा लागतो.

याउलट नियंत्रक चिप, जोडणीचा भाग, वेष्टन, वाहतूक यांचा खर्च क्षमतेनुसार फारसा बदलत नाही. उदाहरणार्थ, हा स्थिर खर्च १५० रुपये व प्रत्येक ६४ जीबीच्या चिपचा खर्च २५० रुपये मानू. मग ६४ जीबीचा ड्राइव्ह ४०० रुपयांस, तर चार चिपचा २५६ जीबीचा ड्राइव्ह १,१५० रुपयांस पडेल. एकूण किंमत वाढली, तरी प्रति जीबी खर्च ६.२५ रुपयांवरून सुमारे ४.५० रुपयांवर आला. अत्युच्च क्षमतेत मात्र अनेक चिप एकमेकींवर रचाव्या लागतात व मागणीही मर्यादित असते. त्यामुळे तेथे प्रति जीबी दर पुन्हा वाढू शकतो.

घनता आणि टिकाऊपणा :
तेवढ्याच जागेत अधिक माहिती बसविण्याचे दोन प्रमुख मार्ग आहेत. पहिला, सेलचे थर रचणे. सॅमसंगने २०१३ मध्ये २४ थरांची चिप बाजारात आणली. २०२२ मध्ये मायक्रॉनने २३२ थर गाठले. दुसरा, एका सेलमध्ये अधिक बिट साठवणे. मात्र १ बिटासाठी विद्युतभाराच्या २ पातळ्या पुरतात, तर ४ बिटांसाठी १६ पातळ्या अचूक ओळखाव्या लागतात. त्यामुळे लेखनाचा वेग मंदावतो आणि पुनर्लेखनाची मर्यादाही घटते. समान क्षमतेच्या दोन ड्राइव्हच्या किमतीत फरक असण्याचे हे एक कारण होय.

संशयास्पद स्वस्ताई :
क्षमतेमागे प्रत्यक्ष सिलिकॉनचा खर्च असल्यामुळे बाजारभावापेक्षा फारच कमी दरात मिळणारा 'दोन टीबी'चा पेन ड्राइव्ह संशयास्पद ठरतो. बनावट ड्राइव्हमध्ये नियंत्रकाची आज्ञावली बदललेली असते व तो संगणकाला खोटी क्षमता सांगतो. फाइलींची नावे दिसतात. मात्र खरी क्षमता संपल्यानंतरची माहिती साठवलीच जात नाही किंवा आधीच्या माहितीवर लिहिली जाते. फाइल उघडेपर्यंत हे नुकसान लक्षात येत नाही. म्हणून नवा ड्राइव्ह वापरण्यापूर्वी तो 'एच२टेस्टडब्ल्यू'सारख्या आज्ञावलीने पूर्ण भरून, वाचून तपासावा.

निष्कर्ष :
अधिक क्षमतेच्या ड्राइव्हची जादा किंमत मुख्यतः सिलिकॉनच्या जागेची किंमत असते. खरेदी करताना एकूण किमतीबरोबर प्रति जीबी दर व टिकाऊपणा यांचाही विचार व्हावा. खरेदी समितीने केवळ सर्वांत कमी दराची निविदा स्वीकारल्यास वाचलेल्या रकमेपेक्षा गमावलेली माहिती कितीतरी मोलाची ठरू शकते. महत्त्वाच्या माहितीची दुसरी प्रत अन्यत्र ठेवणे हे तर कोणत्याही किमतीच्या ड्राइव्हबाबत अनिवार्यच आहे.