जखडलेली रिकीब

घरातील एखादी तिशीतली गृहिणी हाक मारली तर ओ देत नाही, सांगितलेले पुन्हा विचारते, स्वतः मात्र अगदी हळू आवाजात बोलते. मंडळी म्हणतात, 'हिचे लक्षच नसते.' पुढे कोणीतरी 'कानाची शीर गेली, आता इलाज नाही,' असे ठरवून टाकतो आणि सारे कुटुंब त्यावर विश्वास ठेवते. पुष्कळदा हा निवाडा तपासणीवाचूनच झालेला असतो. बहिरेपणाचे मुख्य प्रकार दोन आहेत आणि त्यांपैकी एकात हरपलेले श्रवण बव्हंशी परत मिळू शकते, ही गोष्ट प्रत्येक कुटुंबास ठाऊक असावयास हवी.

ध्वनिलहरी कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात. पडद्यामागे तीन चिमुकल्या हाडांची साखळी आहे: हातोडा, ऐरण आणि रिकीब. घोडेस्वार पाय अडकवितो त्या रिकिबीसारखा या तिसऱ्या हाडाचा आकार. उंची सुमारे ३ मिलिमीटर, वजन सुमारे ३ मिलिग्रॅम. मानवी देहातील हे सर्वांत लहान हाड होय. त्याचा तळ अंतःकर्णाच्या खिडकीत बसलेला असतो. तो हालला म्हणजे आतील द्रवात लहरी उठतात आणि तेथून मज्जातंतू मेंदूकडे संदेश नेतो. खिडकीपर्यंतच्या वाटेत अडथळा आला तर ते वहनदोषाचे बहिरेपण. अंतःकर्ण अथवा मज्जातंतू बिघडला तर ते तंतुदोषाचे.

ओटोस्क्लेरॉसिस नामक विकारात खिडकीच्या काठावर नवे हाड वाढते आणि रिकीब जागच्या जागी जखडली जाते. व्हिएन्नाचे कर्णतज्ज्ञ आडाम पोलिट्झर यांनी १८९३ साली हा स्वतंत्र रोग असल्याचे दाखवून दिले. तो बहुधा विशी ते चाळिशीच्या दरम्यान सुरू होतो, पुरुषांपेक्षा स्त्रियांत अधिक आढळतो आणि अनेक घराण्यांत पिढीजात असतो. रुग्णाचा स्वतःचा आवाज कवटीच्या हाडांतून अंतःकर्णापर्यंत नीट पोहोचतो, म्हणून तो हळू बोलतो. गोंगाटात त्याला उलट बरे ऐकू येते, हेही या विकाराचे एक विलक्षण लक्षण आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपातील काही शल्यवैद्यांनी रिकीब सोडविण्याचे प्रयत्न केले. परंतु जंतुसंसर्गावर प्रभावी औषधे नव्हती, शस्त्रक्रियेसाठी सूक्ष्मदर्शक नव्हता. त्यामुळे तो मार्ग धोक्याचा ठरून मागे पडला. १९३८ साली न्यूयॉर्कच्या ज्युलियस लेम्पर्ट यांनी जखडलेली रिकीब तशीच ठेवून अंतःकर्णास दुसरी खिडकी पाडण्याची रीत रूढ केली. १९५२ मध्ये त्याच शहरात सॅम्युएल रोझेन एका रुग्णाची रिकीब कितपत घट्ट आहे हे चाचपीत असता ती अकस्मात सुटली आणि रुग्णास तिथल्या तिथे ऐकू येऊ लागले. मात्र अशा सोडविलेल्या रिकिबी पुष्कळदा पुन्हा जखडत. अखेर १ मे १९५६ रोजी अमेरिकेतील मेम्फिस येथे जॉन शिया यांनी निकामी रिकीब काढून तिच्या जागी टेफ्लॉनची कृत्रिम रिकीब बसविली.

आजची रीत याहून सौम्य आहे. सूक्ष्मदर्शकाखाली कानाच्या नळीतूनच पडदा अलगद उचलतात. रिकिबीचा वरचा भाग काढून तळाला एक मिलिमीटरहूनही लहान छिद्र पाडतात. त्यासाठी काही ठिकाणी लेसर किरणही वापरतात. त्या छिद्रात बारीक दांडी ठेवून तिचे दुसरे टोक ऐरणीस अडकवितात. अनेकदा केवळ जागा बधिर करूनच हे काम होते.

अनुभवी हातांत शंभरांतील सुमारे नव्वद रुग्णांना चांगला लाभ होतो. तथापि शंभरांत सुमारे एकाचे त्या कानाचे उरलेले श्रवणही जाऊ शकते. काहींना थोडे दिवस चक्कर येते, काहींची जिभेची चव बदलते. म्हणून प्रथम अधिक बिघडलेल्या कानावरच उपचार करतात. शस्त्रक्रियेनंतर डॉक्टर सांगतील तितके दिवस नाक जोराने शिंकरू नये, ओझे उचलू नये, विमानप्रवास टाळावा. शस्त्रक्रिया नको असेल त्यास श्रवणयंत्राचाही चांगला उपयोग होतो. त्यात कमीपणा मानू नये.

वहनदोष प्रत्येक वेळी रिकिबीचाच असतो असेही नाही. साचलेला मळ, फाटलेला पडदा, वाहणारा कान यांमुळेही तो संभवतो आणि त्या प्रत्येकाचा उपाय वेगळा. निदानाचा पहिला टप्पा मात्र साधा आहे. डॉक्टर नादकाटा वाजवून आधी कानामागील हाडावर टेकवितात, मग कानासमोर धरतात. हाडावर आवाज अधिक ऐकू आला, तर दोष वहनाचा असण्याचा संभव मोठा. त्यानंतर यंत्राने श्रवणमापन करतात.

ही सोय आता दुर्मीळ राहिलेली नाही. म्हैसूर येथे १९६५ साली सुरू झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, मुंबईतील १९८३ ची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, तसेच वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालये येथे अशी तपासणी होते. बहिरेपणाच्या प्रतिबंधासाठी २००६ साली राष्ट्रीय कार्यक्रमही सुरू झाला.

तेव्हा घरात कोणास कमी ऐकू येत असेल, तर कानात तेल घालण्यापूर्वी, चिडण्यापूर्वी आणि 'इलाज नाही' म्हणण्यापूर्वी एकदा कर्णतज्ज्ञाकडे जावे. दोष मज्जातंतूचा निघाला तर श्रवणयंत्र आहेच. दोष केवळ जखडलेल्या हाडाचा असेल, तर कोणी वर्षानुवर्षे घरच्यांच्या बोलण्याला मुकावे, असे त्यात काहीही नाही.