शाळेतला पोरगा कॉलेजात चालेल का?

अमेरिकेत शाळेच्या बास्केटबॉल मॅचमध्ये पोराने 30 पॉइंट मारले म्हणून हुरळून जाऊ नका. समोर कोण खेळत होतं ते आधी बघा. शिवाय तीन पॉइंटची रेषा शाळेत 19 फूट 9 इंचांवर, कॉलेजात 22 फूट पावणेदोन इंचांवर. तिथून हात पोचतो का? मी तर फ्री थ्रोची टक्केवारी आधी काढतो, ती सहसा फसवत नाही.

पण आकड्यांत सगळं दिसत नाही. आता एनबीए गाजवणारा स्टीफन करी घ्या. शार्लटच्या शाळेत असताना जेमतेम सहा फूट, अंगाने काडी. वडील जिथे खेळले त्या व्हर्जिनिया टेक विद्यापीठानेही स्कॉलरशिप दिली नाही. डेव्हिडसन कॉलेजचे कोच बॉब मकिलप त्याला बघायला गेले, तेव्हा पठ्ठ्या भयंकर वाईट खेळला. बॉल थेट प्रेक्षकांत! पण रेफरीवर खेकसला नाही, सोबत्यांवर ढकललं नाही, बाकावर बसून टाळ्या वाजवत राहिला. मकिलपनी नेमकं तेच टिपलं. (आपण असतो तर स्कोअरशीट बघून घरी गेलो असतो!)

2008 साली याच पोराने गोंझागाविरुद्ध 40 पॉइंट मारले आणि छोटंसं डेव्हिडसन कॉलेजांच्या एनसीएए स्पर्धेत शेवटच्या आठांत पोचलं. कॅन्ससकडून हरलं, तेही 59-57.