चौथ्या सीटवरची काच

कानाशी धरलेला फोन हातातून निसटला, तर जमिनीवर पोचायला त्याला अर्ध्या सेकंदाहून जरासाच जास्त वेळ लागतो. तेवढ्यात त्याचा वेग ताशी २० किलोमीटरच्या आसपास जातो. खाली बदलापूर स्टेशनचा फलाट. काँक्रीट, खडी, वाळूचे कण. आणि वरून पडतेय काय? काच! मिलिमीटरभरही जाड नसलेली काच. आजूबाजूचे चार जण ‘गेला, गेला’ म्हणतात, मालक श्वास रोखून पालथा फोन उचलतो, सुलटा करतो. आणि पुष्कळदा फोनला काहीही झालेलं नसतं.

आपण ‘नशीब!’ म्हणतो आणि गाडी पकडतो. पण हे नशीब कुणीतरी भट्टीत घडवलेलं असतं.

काच मुळात दुबळी नाहीच. दाबली तर ती प्रचंड भार सोसते. तिला सोसवत नाही तो ताण. आपटली की काच किंचित वाकते, वाकली की तिची एक बाजू ताणली जाते, आणि त्या बाजूला डोळ्यांना न दिसणारा एखादा ओरखडा असला की तो उघडतो. मग तडा धावत सुटतो. म्हणजे काच फुटू नये असं वाटत असेल, तर तिचा पृष्ठभाग कायम दाबलेल्या स्थितीत राहायला हवा. पण चोवीस तास तिला दाबून धरणार कोण?

तिची तीच! या काचेत सोडियमचे आयन असतात. कापून तयार केलेली काच वितळलेल्या पोटॅशियम नायट्रेटमध्ये, सुमारे ४०० अंश सेल्सिअसला, काही तास बुडवून ठेवतात. त्या उष्णतेत पृष्ठभागाजवळचे सोडियमचे आयन बाहेर पडतात आणि त्यांच्या रिकाम्या जागी पोटॅशियमचे आयन शिरतात. गंमत अशी, की पोटॅशियमचा आयन सोडियमपेक्षा जवळपास एक तृतीयांशाने मोठा. कुळगाव-बदलापुरातून रोज सकाळी सीएसएमटीपर्यंतचे ६८ किलोमीटर लोकलने जाणाऱ्याला पुढचं सांगायची गरज नाही. तिघांच्या बाकावर चौथी सीट आधीच भरलेली, त्यातून एक सडपातळ माणूस उठतो आणि त्या जागेवर एक धिप्पाड गृहस्थ बसतात. खांदे असे घट्ट बसतात की पुढे गाडीने कितीही धक्के दिले तरी बाकावरचं कुणी हलत नाही. काच थंड झाल्यावर तिच्या पृष्ठभागावर नेमकं हेच होतं. अब्जावधी आयन एकमेकांना रेटत बसतात, आणि त्या रेट्यामुळे ओरखड्याचं तोंड मिटलेलं राहतं. तडा जायचा, तर आधी ही सगळी दाटी सैल व्हावी लागते.

अमेरिकेतल्या कॉर्निंग कंपनीने अशी काच १९६० च्या दशकातच केली होती. तेव्हा तिला म्हणावं तसं गिऱ्हाईक मिळालं नाही आणि ती मागे पडली. पुढे स्टीव्ह जॉब्ज यांना आयफोनसाठी प्लॅस्टिकऐवजी काच हवी झाली, आणि २००७ मध्ये जुनी विद्या नव्या रूपात बाहेर आली. आज ती गोरिला ग्लास म्हणून ओळखली जाते. चाळीसेक वर्षं एक उत्तर आपल्या प्रश्नाची वाट पाहत बसलं होतं!

मग तरीही फोन फुटतात ते का? दाटीचा हा थर मिलिमीटरच्या काही शतांशांएवढाच खोल असतो. टोकदार खडा त्याच्या पलीकडे रुतला की खेळ संपला. त्यातून वाळूतली गारगोटी काचेपेक्षा कठीण. उल्हासनगरपासून बदलापूरपर्यंत जिकडेतिकडे इमारती उभ्या राहत आहेत. त्यांची वाळू हवेतून, बुटांवरून, पिशवीतून खिशात येतेच. रोज थोडे थोडे ओरखडे पडत राहतात आणि मग एके दिवशी गुडघ्याएवढ्या उंचीवरून पडलेला फोनही फुटतो. म्हणून फोनच्या काचेवर टफन लावायची. ती स्वस्त काच ओरखडे स्वतःवर घेते, आणि तडकली की काढून टाकता येते. फोन आपटल्यावर टफनचा चुरा झाला आणि खालचा डिस्प्ले शाबूत राहिला, तर दुकानदाराशी भांडू नका. तिने तिचं काम केलं.

आता पाणी. २७ जुलै २०१९ ची सकाळ आठवा. मुंबईहून कोल्हापूरला निघालेली महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर आणि वांगणीच्या मधे उल्हास नदीच्या पुरात अडकून पडली होती. चहूकडे पाणीच पाणी, गाडीत हजाराहून अधिक माणसं, त्यांत नऊ गरोदर स्त्रिया. एनडीआरएफच्या होड्या आल्या, नौदल आलं, आसपासचे गावकरी धावले आणि सगळे सुखरूप बाहेर पडले. त्या सकाळी आत काय चाललंय हे बाहेरच्यांना कळत होतं ते प्रवाशांनीच डब्यांतून पाठवलेल्या व्हिडिओंमुळे. धो धो पावसात, ओल्या हातांत, ते फोन चालू होते.

विचार करा, फोनला भोकं असतात. बोलायला एक, ऐकायला एक. ती बुजवता येत नाहीत, कारण आवाज म्हणजे हवेचीच हालचाल. शिवाय फोन तापला की आतली हवा प्रसरण पावते, तिलाही वाट हवी. म्हणजे असं दार हवं, जे हवेला उघडं आणि पाण्याला बंद. असलं दार असतं तरी कुठे?

ते १९६९ मध्ये एका हिसक्यातून निघालं. बॉब गोर नावाचे अमेरिकी संशोधक टेफ्लॉनच्या तापवलेल्या कांड्या सावकाश ताणून पाहत होते. प्रत्येक कांडी तुटत होती. शेवटी वैतागून त्यांनी एक कांडी जोरात ओढली. ती तुटली तर नाहीच, उलट कित्येक पट लांब झाली! आणि ताणलेल्या त्या टेफ्लॉनमध्ये अतिसूक्ष्म छिद्रांचं जाळं तयार झालेलं होतं. हवेचे रेणू त्यातून आरामात ये-जा करतात. पाणी मात्र टेफ्लॉनला चिकटतच नाही, त्याचा थेंब स्वतःतच गोळा होतो आणि छिद्राबाहेर अडतो. पाण्याला दाद न देणाऱ्या कित्येक फोनांत माइक आणि स्पीकरच्या भोकामागे अशीच टिकलीएवढी पापुद्र्यासारखी चकती चिकटवलेली असते.

फोनच्या खोक्यावर आयपी ६८ लिहिलेलं असेल, तर त्यातला ६ धुळीसाठी आणि ८ पाण्यासाठी. पण ही परीक्षा होते स्वच्छ, स्थिर, गोड्या पाण्यात, आणि तीही नव्याकोऱ्या फोनची. पुराचं गढूळ पाणी, साबणाचं पाणी, अलिबागच्या समुद्राचं पाणी या परीक्षेत नसतं. सांध्यांमधला गोंदही वर्षांगणिक म्हातारा होतो, आणि एकदा उघडून पुन्हा बसवलेल्या फोनवर तर तो भरवसा ठेवूच नये.

पाणी आत गेलंच, तर फोन मरतो तो पाण्याने नव्हे, पाण्यात विरघळलेल्या क्षारांनी. बॅटरी चालू असेल तर त्या खाऱ्या थेंबातून वीज वाहू लागते आणि तांब्याच्या बारीक रेषा झिजायला लागतात. उल्हासनगरच्या कॅम्पात एखाद्या दुरुस्तीच्या गाळ्यावर उभं राहून पाहा. भिजलेला फोन हातात पडताच कारागीर आधी बॅटरीची पट्टी सोडवतो, बाकी सगळं नंतर. मग मदरबोर्ड दिव्याखाली धरून हिरवट-पांढरी बुरशीसारखी पुटं शोधतो आणि ब्रशने अल्कोहोल लावून ती घासून काढतो. म्हणून भिजलेला फोन चालू होतोय का, हे सारखं तपासू नका. बंद करा. आणि तांदळाच्या डब्यात तर मुळीच खुपसू नका. तांदळाचे बारीक कण आत जातात, असं ॲपलनेच बजावून सांगितलं आहे.

बॅटरीचं काय सांगावं! तिच्या एका बाजूला ग्रॅफाइटचे थर, दुसऱ्या बाजूला कोबाल्टसारख्या धातूंच्या ऑक्साइडचे थर. चार्जिंग करताना लिथियमचे आयन ग्रॅफाइटच्या थरांत शिरतात, वापरताना परत फिरतात. दर फेरीला ग्रॅफाइट चक्क फुगतं आणि आकसतं, जवळपास एक दशांशाने. तुमच्या खिशातली वस्तू रोज असा श्वास घेत असते! काही लिथियम वाटेत कायमचं अडकतं, म्हणून दोन-तीन वर्षांनी बॅटरी उतरायला लागते. तिचा खरा वैरी उष्णता. उशीखाली चार्जिंगला लावलेला फोन हा लवकर म्हातारा होणारा फोन. या बॅटरीचा पाया घालणारे गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो यांना रसायनशास्त्राचं नोबेल जाहीर झालं ऑक्टोबर २०१९ मध्ये, महालक्ष्मीच्या त्या सकाळनंतर तीन महिन्यांच्या आत. गुडइनफ तेव्हा ९७ वर्षांचे होते. इतक्या वयात नोबेल आजवर दुसऱ्या कुणाला मिळालेलं नाही.

तर काच, चकती, बॅटरी मिळून फोनला काही वर्षं जगवतात. मग तो बदलायची वेळ येते, आणि घरोघरी तोच वाद रंगतो: अँड्रॉइडच घ्यायचा की या वेळी आयफोन? लोक घाबरतात ते पैशांना, आणि त्याहून जास्त ‘माझं सगळं जाईल’ याला. खरंच जातं का?

बहुतेक जात नाही, आणि हे मला काचेहूनही थोर वाटतं. आधी सिमकार्ड घ्या. नखाएवढा तो तुकडा हा स्वतंत्र संगणक आहे. त्यात एक गुप्त किल्ली कोरलेली असते. ती किल्ली सिममधून कधीच बाहेर येत नाही, फोनलासुद्धा दिसत नाही! टॉवरकडून नेटवर्क एक आकडा पाठवतं, सिम आपल्या किल्लीने त्यावर गणित करून उत्तर देतं, नेटवर्क स्वतःकडच्या किल्लीने तेच गणित करून पाहतं. दोन्ही उत्तरं जुळली की तुम्ही तुम्हीच. फोन कुठल्या कंपनीचा, हा प्रश्नच येत नाही. २० जानेवारी २०११ पासून तर देशभर नंबर तोच ठेवून कंपनीही बदलता येते. यूपीआयसुद्धा याच सिमवर विसंबतं. नव्या फोनमध्ये ॲप उघडलं की ते तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि बँकेला कळवतं की हा नंबर आता या यंत्रात आहे.

आणि मराठी? फोनमध्ये ‘कुळगाव’ लिहिलं, तर आत अक्षरांची चित्रं साठत नाहीत. साठतात सहा आकडे: २३२५, २३६९, २३५५, २३२७, २३६६, २३५७. क, उकार, ळ, ग, काना, व. युनिकोडने ठरवून दिलेले हे आकडे अँड्रॉइडला आणि आयफोनला सारखेच. ‘विठ्ठलवाडी’ लिहिताना पहिली वेलांटी दिसते व च्या आधी, पण साठते व च्या नंतर. ती पुढे आणून बसवण्याचं काम प्रत्येक फोन आपापलं करतो आणि तरी दोन्हीकडे शब्द एकच दिसतो. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टमधली फाइल दुसऱ्याच्या संगणकावर उघडून अगम्य चिन्हांचा सडा पाहिलेल्या पिढीला या एकमताची किंमत कळेल. १९९१ मध्ये युनिकोडची पहिली आवृत्ती आली, तिच्यात देवनागरी होतीच.

अडतं ते व्हॉट्सॲपच्या जुन्या गप्पांपाशी. ग्रुप लगेच परत दिसतात, कारण त्यांची यादी कंपनीच्या सर्व्हरवर असते. गप्पा मात्र तिथे राहत नाहीत. त्या तुमच्या फोनमध्ये असतात. त्यांचा बॅकअप अँड्रॉइडवर गूगलच्या खात्यात जातो, आयफोनवर आयक्लाउडमध्ये, आणि एकाचा बॅकअप दुसऱ्याला वाचता येत नाही. नवल म्हणजे दोन्हीकडच्या चिप एआरएमच्याच घराण्यातल्या, दोन्ही प्रणालींचं मूळ युनिक्सच्याच कल्पनेत. पायात एवढं सारखेपण असून वरचे मजले वेगळे! कितीतरी वर्षं ही भिंत ओलांडायची अधिकृत सोय नव्हती. २०२१ मध्ये आयफोनमधून सॅमसंगकडे गप्पा नेता येऊ लागल्या, २०२२ मध्ये अँड्रॉइडमधून आयफोनकडे. विकत घेतलेली ॲप मात्र दुसरीकडे पुन्हा विकत घ्यावी लागतात. आणि बोटाचा ठसा कुठेही जात नाही. तो चिपच्या बंद कप्प्यात जन्मतो आणि तिथेच संपतो, आणि मला तरी हा दिलासा वाटतो.

तेव्हा बाजू बदलायची असेल तर बिनधास्त बदला, फक्त घाई करू नका. अँड्रॉइडमधून आयफोनकडे जाताना गप्पा हलवायच्या त्या नवा फोन पहिल्यांदा सुरू करतानाच, ‘मूव्ह टू आयओएस’ या ॲपमधून. तो आधीच वापरायला घेतलात, तर पुसून पुन्हा सुरू करावा लागतो. दोन्ही फोन चार्जिंगला आणि एकाच वायफायवर ठेवा. नव्या फोनमध्ये फोटो, नंबर, गप्पा आणि बँकेची ॲप एकेक उघडून पाहा, आठवडाभर वापरा, आणि मगच जुना फोन फॉर्मॅट मारून कुणाला द्या. त्याची बॅटरी फुगली असेल, तर तो कुणालाच देऊ नका. कचऱ्यात न टाकता ई-कचरा घेणाऱ्याकडे सोपवा.