आभासी जगात संगणक वारंवार बंद का पडतो?

‘सेकंड लाइफ’ हे संगणकावरील आभासी जग अमेरिकेतील ‘लिंडन लॅब’ या कंपनीने २००३ साली सर्वांसाठी खुले केले. येथे प्रत्येक जण ‘अवतार’ धारण करून वावरतो व इतरांशी संवाद साधतो. येशूसंघीय धर्मगुरू फादर अंतोनियो स्पादारो यांनी २००७ साली ‘ला चिविल्ता कॅत्तोलिका’ या नियतकालिकात या जगाचा परामर्श घेऊन तेथेही सुवार्ता पोहोचली पाहिजे, असे प्रतिपादन केले. त्याच वर्षी अँग्लिकन बांधवांनी तेथे एक कॅथीड्रल उभारून प्रार्थनासभा सुरू केल्या.

अशा सभेत प्रार्थना रंगात आली असतानाच संगणक गोठतो आणि भाविक एकाएकी बाहेर फेकला जातो. आजारपणामुळे घरीच खिळलेल्या व्यक्तीला हा अनुभव विशेष क्लेशदायक ठरतो.

कारण काय?

सीडीवरील खेळात सर्व चित्रे आधीच संगणकात साठवलेली असतात. येथील इमारती, वस्त्रे व वृक्ष मात्र वापरणाऱ्यांनीच घडविलेले असल्याने ते इंटरनेटवरून सतत उतरवून घ्यावे लागतात. स्मृती (मेमरी) अपुरी पडली, ग्राफिक्स कार्ड तापले किंवा त्याचा ड्रायव्हर जुना असला, की प्रोग्राम कोलमडतो. जेथे अधिक माणसे जमतात तेथे हा भार सर्वाधिक असतो. म्हणूनच ऐन उपासनेच्या वेळी संगणक दगा देतो.

उपाय

‘कंट्रोल’ व ‘पी’ ही बटणे एकत्र दाबल्यास ‘प्रेफरन्सेस’ची चौकट उघडते. आत प्रवेश करण्यापूर्वीही ती उघडता येते. त्यातील ‘ग्राफिक्स’ विभागात पुढील बदल करावेत :

१. दर्जा व वेग ठरविणारी पट्टी एक-दोन टप्पे खाली आणावी.

२. ‘ड्रॉ डिस्टन्स’ म्हणजे किती दूरचे दृश्य रेखाटायचे ते अंतर. ते १२८ वरून ६४ मीटरवर आणल्यास रेखाटायचे क्षेत्र निम्मे नव्हे, तर एक चतुर्थांश होते. मंदिरात बसलेल्यास दूरचे डोंगर दिसण्याची गरज नसते.

३. सावल्या व पाण्यातील प्रतिबिंबे बंद करावीत.

४. अवतारांच्या गुंतागुंतीची मर्यादा कमी करावी. मर्यादेपलीकडचे अवतार एकरंगी आकृतीसारखे दिसतात. परंतु त्यांचे बोलणे व लिहिणे पूर्ववत पोहोचते.

एका वेळी एकच बदल करून परिणाम पाहावा, म्हणजे खरे कारण कळते. त्रास न थांबल्यास ग्राफिक्स कार्डचा ड्रायव्हर अद्ययावत करावा, इतर प्रोग्राम बंद ठेवावेत व पंख्यावरील धूळ साफ करावी. चित्रे अर्धवट किंवा विद्रूप दिसत असतील तर साठविलेली ‘कॅश’ पुसावी. मात्र त्यानंतर सर्व चित्रे नव्याने उतरवली जात असल्याने प्रारंभी गती मंदावते. म्हणून हा उपाय रोज करू नये.

प्रोग्राम बंद न पडता संपर्क तुटल्याचा संदेश येत असेल तर दोष बहुधा जोडणीत असतो. अशा वेळी वाय-फायऐवजी केबल लावून पाहावी.

एक भान

सामाजिक संपर्कविषयक परमधर्मपीठीय परिषदेने २००२ साली ‘ख्रिस्तसभा आणि इंटरनेट’ या दस्तऐवजात स्पष्ट केले आहे, की आभासी वास्तव ख्रिस्तप्रसादातील प्रभूच्या खऱ्या उपस्थितीची जागा घेऊ शकत नाही. इंटरनेटवर संस्कार होत नाहीत. पडद्यावरील प्रार्थना मनाला उभारी देते, एकाकी व्यक्तीला सोबतही देते. तथापि, आपल्या घरात वा शेजारी कोणी आजारामुळे मिस्साला येऊ शकत नसेल, तर त्यांचा संगणक अवश्य दुरुस्त करून द्यावा आणि आपल्या धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूंनाही कळवावे. ख्रिस्तप्रसाद त्यांच्या घरी नेता येतो.